हवेत इंजिन खडखडतंय, आरपीएम पडतोय : काय तपासायचं आणि हात कधी आवरायचा

आधी लक्षणं, एका इंजिनाच्या छोट्या विमानातली.

थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या नॉबला) कोणी हात लावलेला नाही, तरी आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) 2300 वरून 2250, मग 2200 असा सावकाश उतरतोय. उंची टिकवायला नाक जरा जरा वर घ्यावं लागतंय आणि वेगाचा काटा मागे सरकतोय. आवाज एकदम बदलत नाही, म्हणून बऱ्याच मुलांच्या हे लक्षातच येत नाही.

किंवा इंजिनाची लय बिघडते. सीटमधून, पायाखालच्या रडर पेडलमधून कंप येतो, पॅनेलवरचे काटे थरथरतात. कधी थ्रॉटल पार पुढे ढकललेला असतो आणि ताकद मात्र निम्मीच मिळते.

किंवा दोनदा खोकून इंजिन गप्प होतं. यात एक फसवणूक आहे : पंखा थांबत नाही. समोरच्या वाऱ्यानं तो फिरत राहतो आणि आरपीएमही काहीतरी दाखवत राहतो. ‘पंखा फिरतोय ना, मग इंजिन चालूच आहे’ असं समजून नाक वर धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

शेवटचा प्रकार वेगळा आहे. तेलाचा दाब पडतोय आणि तापमान चढतंय, काचेवर तेलाचे शिंतोडे उडालेत, जळका वास येतोय किंवा धूर दिसतोय. असं असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका. थेट ‘हात आवरायचा’ इथे या.

मी ठाण्यात, नौपाड्यात, पायलट होऊ घातलेल्या मुलांची ग्राउंडची शिकवणी घेतो. त्याआधी इन्स्ट्रक्टर होतो. धुळे, बारामती, जळगाव, गोंदिया इथे शिकणारी आपल्याकडची मुलं सुट्टीत घरी आली की टेबलाला योक (विमानाचं स्टिअरिंग) बांधायचा, खाली पेडल ठेवायची आणि सिम्युलेटरवर हाच बिघाड पुन्हा पुन्हा द्यायचा. हे सिम्युलेटरवरच करावं लागतं. ठाणे-नवी मुंबईवरचं आकाश मोठ्या विमानांच्या वाटेत आहे आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. खाडीवर छोटं विमान नेऊन इंजिन गेल्याचा सराव करायला तुम्हाला कोणी सोडणार नाही.

पुढचं सगळं कार्ब्युरेटरवाल्या जुन्या सेसना 152 आणि 172 डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण बहुतेकांची सुरुवात त्यांच्यावरच होते. तुमच्या विमानाच्या हँडबुकात वेगळं लिहिलं असेल तर हँडबुक खरं.

उंचीचा हिशेब

गाडी बंद पडली की बाजूला घेऊन बॉनेट उघडता येतं. इथे प्रत्येक तपासणीचे पैसे उंचीत मोजावे लागतात. 172 चं गणित साधारण 9 ला 1, म्हणजे एक फूट उतरताना नऊ फूट पुढे : इंजिन बंद, वेग 65 नॉट, वारा नाही, तर 1000 फुटांत पावणेतीन किलोमीटर. म्हणजे ठाणे स्टेशनच्या डोक्यावर इंजिन गेलं तर खाडी ओलांडून कळव्याच्या आसपास खेळ आटोपला. विमान मिनिटाला 700-750 फूट खाली येतं. जमिनीपासून 2000 फुटांवर असाल तर हातात पावणेतीन मिनिटं आहेत, आणि त्यातले शेवटचे 1000 फूट उतरण्यासाठी राखून ठेवायचे. इंजिनाशी झटापट करायला उरली ऐंशी सेकंदं.

म्हणून तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. जी फुकटात आणि एका हालचालीत होते ती आधी.

इथे आपल्याकडची मुलं हमखास चुकतात. ठाण्यावर सिम्युलेटर उडवताना आल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) जे दाखवतो तीच जवळपास जमिनीपासूनची उंची असते, कारण ठाणे समुद्रसपाटीलाच आहे. घाटावर गेलात की हे खोटं ठरतं. पुण्याच्या आसपासची जमीनच 1800-1900 फुटांवर आहे. तिथे आल्टिमीटरवर 3000 दिसत असेल तर तुमच्या खिशात जेमतेम 1100-1200 फूट आहेत. ऐंशी सेकंदं वगैरे विसरा.

सगळ्यात आधी वेग

ही इंजिनाची तपासणी नाही, पण हिच्याशिवाय पुढची एकही करता येत नाही. नाक खाली, 172 ला 65 नॉट, 152 ला 60, आणि ट्रिम लावून टाका. ट्रिम लावला की विमान स्वतःच वेग धरतं आणि तुमचा एक हात मोकळा होतो. इंजिन गेल्यावर माणूस नकळत योक मागे ओढतो. जमीन जवळ येतेय असं वाटतं ना. त्यानं वेग मरतो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून पडतं, आणि मग शेत कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. ग्लाइडचा वेग राखून शेतात उतरलेल्या छोट्या विमानातली माणसं बहुतेक वेळा चालत बाहेर येतात. स्टॉल होऊन पडलेल्यांचं तसं होत नाही.

ट्रिम झाला की वारा आणि जागा बघा. जागा ठरवून विमान तिकडे वळवल्यावरच पॅनेलकडे यायचं.

पहिली तपासणी : शेवटचा हात कशाला लावला होता?

हिला काही लागत नाही. बिघाडाच्या आधीच्या दहा-वीस सेकंदांत तुम्ही काय हलवलंत ते आठवा आणि होतं तिथे परत ठेवा.

हे हास्यास्पद वाटतं खरं. पण जुन्या 172 मध्ये थ्रॉटलच्या डाव्या बाजूला कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा) नॉब असतो आणि उजव्या बाजूला लाल मिक्श्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा; पूर्ण बाहेर ओढला की पेट्रोल बंद). उतरायच्या तयारीत, डोळे बाहेर, कानात रेडिओ, आणि कार्ब हीट समजून मिक्श्चर बाहेर ओढलं जातं. इंजिन अर्थातच बंद. माझ्या खोलीत ‘सर, इंजिन फेल दिलंत का?’ असा प्रश्न येतो तेव्हा मी काहीच दिलेलं नसतं. मी फक्त त्यांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवतो. टाकी नुकतीच बदलली असेल तर तेही असंच : सिलेक्टर (पेट्रोलची टाकी निवडायची मूठ) होता तिथे परत. लाल नॉबला हात लावण्याआधी त्याच्याकडे बघायचं, ही सवय घरीच लावून घ्या.

दुसरी : कार्ब हीट, पूर्ण

सावकाश उतरणाऱ्या आरपीएमचा पहिला संशयित हाच. ‘सर, आपल्याकडे कुठला बर्फ?’ हे दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, तर जरा सविस्तर सांगतो.

कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात तिथे, हवा अरुंद जागेतून वेगानं जाते, तिथे तिचा दाब आणि तापमान दोन्ही घसरतात. त्यात पेट्रोलची वाफ होते आणि ती आणखी उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं तसंच. दोन्ही मिळून आतलं तापमान वीस-तीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, खाली जाऊ शकतं. बाहेर 25 अंश आणि हवा ओली असेल तर आत बर्फ धरायला आणखी काही लागत नाही. दमट हवेत 30 अंशांच्या पुढेही धोका असतो, विशेषतः थ्रॉटल मागे घेऊन खाली येताना, कारण अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलच्या पाकळीभोवती तापमान आणखी पडतं. कोकणातला जुलै आठवा : पारा पंचविशी-तिशीत, हवेत आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के. काश्मीरला जायची गरज नाही.

आता नॉब ओढल्यावर काय होतं ते नीट वाचा, कारण घोळ इथेच होतो. कार्ब हीट ओढली की आरपीएम आणखी पडतो, कारण गरम हवा विरळ असते. मग साचलेला बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आधीपेक्षा वाईट खडखडतं. या क्षणी हात शिवशिवतो. ‘यानं तर बिघडलंच’ म्हणून मुलं नॉब परत आत ढकलतात. ढकलायचा नाही. अर्ध्यावरही ठेवायचा नाही, कारण अर्धवट गरमीनं हवेतले कोरडे हिमकण वितळून नेमके चिकटायच्या तापमानाला येऊ शकतात. पूर्ण बाहेर, आणि थांबा. बर्फच असेल तर थोड्या वेळात खडखड जाते आणि आरपीएम आधीच्याही वर चढतो. तो चढला म्हणजे निदान झालं.

हे दुसऱ्याच क्रमांकावर का? कार्ब हीटची उष्णता एक्झॉस्टच्या पाइपाभोवतून येते. इंजिन थांबलं की पाइप गार होतो, आणि मग नॉब ओढून आत गारच हवा येणार. जोवर धुगधुगी आहे तोवरच या उपायाला अर्थ आहे.

फ्युएल इंजेक्शनवाल्या नव्या 172 ला हा नॉबच नाही. त्यांनी पुढे चला.

तिसरी : पेट्रोल

सिलेक्टर ‘बोथ’ (दोन्ही टाक्या) वर. आधीच ‘बोथ’ वर असेल तर तो खाचेत नीट बसलाय का ते हातानं चाचपा. दोन खुणांच्या मध्ये अडकलेला सिलेक्टर पेट्रोल अडवतो. एकाच टाकीवर उडत असाल तर दुसरीवर जा, आणि गेल्यावर लगेच निराश होऊ नका. नळीतून पेट्रोल पोचायला काही सेकंदं जातात. 152 ला नुसताच चालू-बंद व्हॉल्व आहे, तो चालू आहे ना एवढंच बघायचं.

गेजवर भरवसा ठेवू नका. लहान विमानांची गेज टाकी रिकामी आहे एवढंच खात्रीनं सांगू शकतात, आणि कधी तेही नाही. टाकीत किती आहे हे उड्डाणाआधी डिपस्टिक घालून तुम्ही पाहिलेलं असतं, आणि किती वेळ उडताय ते घड्याळ सांगतं. खरी गेज ही दोनच. पेट्रोल संपून बंद पडलेल्या इंजिनाला हवेत कसलाच उपाय नाही.

चौथी : मिक्श्चर आणि प्रायमर

मिक्श्चर पूर्ण आत. वर लीन करून (पेट्रोल कमी करून) उडत होतात, मग खाली आलात आणि रिच करायचं (पेट्रोल वाढवायचं) राहिलं, की दाट हवेत मिश्रण इतकं पातळ होतं की इंजिन कुरकुरतं.

मग प्रायमर (सुरू करताना जादा पेट्रोल देणारा हातपंप) आत आणि फिरवून लॉक. सकाळी सुरू करताना ओढलेला प्रायमर लॉक न करता सोडला तर इंजिन त्यातून जादा पेट्रोल ओढून घेतं आणि काळा धूर काढत अडखळतं. दोन सेकंदांचं काम.

पाचवी : मॅग्नेटो

प्लगला ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात. किल्ली ‘बोथ’ वर असणारच, तरी बघा. मग एकदा ‘लेफ्ट’, एकदा ‘राइट’. एखाद्या मॅग्नेटोची आतली गिअर घसरून तो अवेळी ठिणगी देऊ लागला तर तो चांगल्या मॅग्नेटोचंही काम बिघडवतो. अशा वेळी त्याला बाजूला काढून एकट्या चांगल्यावर ठेवलं की इंजिन चक्क गुळगुळीत चालतं. ज्या बाजूला बरं चालेल तिथेच सोडा. फिरवताना मोजून फिरवा. घाईत किल्ली ‘ऑफ’ वर जाते, आणि तुटपुंजं का होईना चालणारं इंजिन आपल्याच हातानं बंद होतं.

बॅटरी किंवा अल्टरनेटर गेला म्हणून इंजिन बंद पडत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतात. दिवे आणि रेडिओ गेला, इंजिन चालू आहे, तर तो बिघाड वेगळा. त्यासाठी शेतात उतरायचं नसतं.

पंखा पूर्ण थांबला असेल तरच किल्ली ‘स्टार्ट’ वर. वाऱ्यानं फिरत असेल तर स्टार्टरची गरज नाही.

हात आवरायचा

जमिनीपासून 1000 फूट. त्याखाली इंजिनाला हात लावायचा नाही, मग पाच तपासण्यांपैकी दोनच झालेल्या असोत. टेकऑफनंतर लगेच, 1000 फुटांच्या आत इंजिन गेलं तर यातली एकही तपासणी तुमच्यासाठी नाही. नाक खाली आणि समोर, फार तर तीस अंश डावी-उजवीकडे, जे सापडेल तिथे उतरा. रनवेकडे परत वळायचा मोह भयंकर असतो. पण ते वळण 180 अंशांचं नसतं. रनवेच्या रेषेत परत यायला त्याहून बरंच जास्त वळावं लागतं. त्यात 45 अंश कलंडलात की स्टॉलचा वेग जवळपास एक पंचमांशानं वाढतो, 60 अंशांना चाळीस टक्क्यांहून जास्त. उंची नाही, वेग नाही, आणि विमान आडवं.

तेल उडतंय, आत काहीतरी तुटल्यासारखा धडधड आवाज येतोय, धूर आहे : हातात पाच हजार फूट असले तरी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न नाही. आगीची शंका असेल तर मिक्श्चर बाहेर, पेट्रोल बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, केबिन हीट बंद.

हवेतला तुमचा तज्ज्ञ म्हणजे एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण). त्यांना कधी बोलवायचं? वेग आणि जागा ठरली की लगेच, तपासण्या संपायची वाट न बघता. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिच्यावरच. तिथे कोणी नसेल तर 121.5 ही आपत्कालीन फ्रिक्वेन्सी, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला आपला कोड पाठवणाऱ्या यंत्रावर) संकटाचा कोड 7700. मेडे (संकटाची हाक) तीनदा, विमानाचं नाव, काय झालं, कुठे आहात, कुठे उतरताय, किती माणसं. बस. आपल्या मुलांना मेडे म्हणायला संकोच वाटतो, इन्स्ट्रक्टर रागावतील, चौकशी लागेल म्हणून. चौकशी लागली तर लागू द्या. उलट बाजूनं एक सांगतो : एटीसी प्रश्नावर प्रश्न विचारत असेल तर ‘स्टँडबाय’ म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. विमान उडवणं आधी.

इंजिन पुन्हा चालू झालं तरी प्रश्न सुटला असं समजू नका. अर्धवट चालणारं इंजिन बंद पडलेल्यापेक्षा फसवं असतं. ते घरी पोचवेल अशी आशा लावतं, आणि माणूस कमी उंचीवर, कमी वेगात, गावावरून ते ओढत नेतो. उतरता येईल अशा जागेच्या वर राहा, मिळत असेल तेवढी उंची साठवा आणि जवळच्या रनवेवर उतरा.

उतरायची जागा

सिम्युलेटरवर तीन हात नाक्याच्या वर 2000 फुटांवर इंजिन बंद केलं की पहिलं उत्तर ठरलेलं :

“सर, दादोजी कोंडदेव!”

“क्रिकेटचं मैदान किती लांब असतं रे?”

“…दीडशे मीटर?”

“आणि 172 ला 50 फुटांचा अडथळा ओलांडून थांबायला?”

इथे बहुतेक जण हँडबुक उघडतात. कोरड्या, कडक धावपट्टीवर साधारण 1250 फूट, म्हणजे 380 मीटर. स्टेडियमला चहूबाजूंनी भिंत, प्रेक्षागार, दिव्यांचे खांब. तेव्हा स्टेडियम बाद.

दुसरं उत्तर पाम बीच रोड. वरून सरळसोट आणि रुंद दिसतो, मान्य. पण मधे दिव्यांचे खांब आहेत, सिग्नल आहेत आणि गाड्या आहेत, ज्यांतल्या माणसांनी तुमच्या विमानात बसायचं कबूल केलेलं नाही. जून 2018 मध्ये घाटकोपरला छोटं विमान कोसळलं तेव्हा विमानातल्या चौघांबरोबर रस्त्यावरचा एक माणूसही गेला. वस्ती टाळायची असते ती आपल्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

तिसरं उत्तर खाडी. ठाणे खाडीत भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, कडेला तिवरं. न मिटणारी चाकं चिखलात किंवा पाण्यात रुतली की विमान नाकावरून उलटायची दाट शक्यता. चिखलातून चालत बाहेर येता येत नाही ते निराळंच. हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगोंचे थवे असतात, तेही लक्षात घ्या. पाण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर मासेमारीच्या होड्यांजवळ उतरा, दारं आधी सैल करून ठेवा, आणि लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा; आत फुगवलंत तर तेच तुम्हाला छताला चिकटवून ठेवेल.

मग उरतं काय? ठाण्यावर खरोखर फारसं काही नाही, आणि मुलांना हे कळावं म्हणूनच मी हा सराव इथे देतो. ‘आत्ता इंजिन गेलं तर कुठे?’ हा प्रश्न इंजिन जाण्याआधी विचारायचा असतो. दाट वस्तीवरून जायचंच असेल तर उंचावरून जायचं. शहापूर-मुरबाडकडे सरकलात की भातखाचरं लागतात. भात कापून झालेलं खाचर नोव्हेंबर-डिसेंबरात बरं. पावसाळ्यात तेच चिखलपाण्यानं भरलेलं. उन्हाळ्यात जमीन कडक असते, पण बांध तसेच. खाचर वरून सपाट हिरवा चौकोन दिसतं आणि खाली आल्यावर दर वीस-तीस मीटरला गुडघाभर बांध निघतो. बांधांना आडवं उतरू नका, त्यांच्या लांबीच्या दिशेनं उतरा, मग वारा थोडा बाजूचा लागला तरी चालेल.

आणि तारा. कळवा, ऐरोली, मुंब्रा, पडघा या पट्ट्यात उच्चदाबाच्या लाइनी आहेत. तारा वरून दिसत नाहीत, शोधूही नका. मनोरे शोधा. दोन मनोरे दिसले की मधे तारा आहेतच असं धरा आणि शक्यतो मनोऱ्याच्या वरूनच ओलांडा. नेवाळीची महायुद्धाच्या काळातली धावपट्टी जुन्या नकाशांत दिसते म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

जमीन नक्की झाली की उरलेले फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखांच्या मागून खाली येणाऱ्या झडपा), मगच मास्टर बंद, कारण सेसनाचे फ्लॅप विजेवर चालतात. मिक्श्चर बाहेर, पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद. पट्टे आवळून घ्या आणि दाराची कडी काढून ठेवा. धक्क्यानं चौकट वाकली तर बंद दार उघडत नाही. टेकताना वेग शक्य तितका कमी, पण स्टॉलच्या वर. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते : 60 नॉटला टेकलात तर 45 च्या जवळजवळ पावणेदोन पट. चाकं तुटली, पंख गेला, जाऊ द्या. विमान वाचवायच्या नादात माणसं जखमी होतात.

थांबल्यावर बाहेर पडून लांब जा, मग 112. जखमींना काढण्यासाठी किंवा आग विझवण्यासाठी सोडून विमान हलवू नका, गावकऱ्यांनाही हलवू देऊ नका. घटना कळवणं बंधनकारक आहे, आणि तपासणाऱ्याला नॉब आणि सिलेक्टर होते तसेच दिसले पाहिजेत.

जमिनीवर : पुन्हा होऊ नये म्हणून

रनवेवर सुखरूप उतरलात, इंजिन खडखडलं होतं, आता ठीक चालतंय. इथेही स्वस्तापासून सुरू.

पेट्रोलचा नमुना घ्या, प्रत्येक ड्रेनमधून (टाकी आणि नळ्यांच्या तळाच्या तोटीतून). नव्या 172 ला अशी तेरा ठिकाणं आहेत आणि कंटाळा येतो, पण पाणी नेमकं शेवटच्या ठिकाणी बसलेलं असतं. सॅम्पलर (नमुन्याचं पारदर्शक भांडं) डोळ्यांसमोर, उजेडाकडे धरा. एव्हिएशनचं 100 एलएल पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी असेल तर तळाशी रंगहीन थेंब मण्यासारखा घरंगळतो. सगळाच नमुना रंगहीन दिसत असेल तर ‘स्वच्छ आहे’ म्हणू नका. तो अख्खा नमुना पाण्याचा असू शकतो, किंवा चुकीचं इंधन. वास घ्या. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर तडकलं असेल तर पाणी तिथूनच येतं. टाक्या रात्री अर्ध्या ठेवल्या तरी आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन खाली बसतो.

मग टाकीचा व्हेंट. कुंभारीण माशीला ही नळी फार आवडते. तोंडावर मातीचं घर बांधून मोकळी होते. हवा आत जायला वाट राहिली नाही की पेट्रोल खाली यायचं हळूहळू थांबतं. जमिनीवर इंजिन मजेत चालतं आणि हवेत काही वेळानं धाप लागते. बोटानं आणि टॉर्चनं बघा, काडी घालून कोरू नका. तुकडा आत गेला तर काम वाढलं.

त्यानंतर मॅग्नेटो चेक, 152 आणि जुन्या 172 ला 1700 आरपीएमवर. एका बाजूला 125 पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोन्ही बाजूंतला फरक 50 च्या आत. जास्त पडला आणि खडखडला तर बहुधा प्लगवर शिसं किंवा काजळी धरलीय, सकाळी रिच मिक्श्चरवर बराच वेळ आयडल ठेवल्याचं फळ. 1800-2000 वर मिक्श्चर लीन करून मिनिटभर चालवा, पुन्हा तपासा. गेलं तर गेलं. एकदाच करायचं हे; दुसऱ्यांदाही पडला तर विमान उभं.

एका बाजूला आरपीएम अजिबात पडलाच नाही, तर मुलं खूश होतात. उलट आहे. त्या मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असू शकते, म्हणजे किल्ली बंद असतानाही तो जिवंत आहे. अशा विमानाचा पंखा हातानं ढकलला तर इंजिन पेटू शकतं. पंख्याला कोणी हात लावू नये अशी पाटी लावून एएमईला (विमानाच्या देखभाल इंजिनिअरला) फोन करा.

तुमचं काम इथे संपलं. काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आतलं सगळं परवानाधारक एएमईचं : प्लग काढणं, कॉम्प्रेशन, मॅग्नेटोचं टायमिंग, कार्ब्युरेटर, तेलाच्या फिल्टरमधले धातूचे कण. सकाळी थंड असताना खडखडून गरम झाल्यावर गप्प बसणारं इंजिनही त्यांच्याकडेच, कारण चिकटणारा व्हॉल्व असाच वागतो आणि एक दिवस उघडाच राहतो. ‘आता बरं चालतंय, एक सर्किट (रनवेभोवतीची फेरी) मारून बघू’ असं कोणी म्हणालं, मग तो सीनियर असला तरी, तुम्ही बसू नका.

डिफेक्टच्या नोंदीत ‘इंजिन रफ’ एवढंच लिहून सही करू नका. एएमईला त्यातून काही कळत नाही. किती उंचीवर, चढताना, सरळ की उतरताना, बाहेरचं तापमान, ढग किंवा पाऊस होता का, आरपीएम कितीवरून कितीवर आला आणि किती वेळात, कार्ब हीट ओढल्यावर नेमकं काय झालं, सिलेक्टर कुठे होता, कोणत्या मॅग्नेटोवर बरं चाललं, तेलाचे दोन्ही काटे कुठे होते, हे सगळं उतरल्याबरोबर लिहा. संध्याकाळपर्यंत आकडे बदलतात. आणि सॅम्पलरमध्ये पाणी निघालं असेल तर गवतावर ओतून टाकू नका. काचेच्या बाटलीत बंद करा, कुठल्या ड्रेनचं ते लिहा, आणि बाटली एएमईच्या हातात द्या.